जुनं इंजिन बांधताय? ऑइल सील बसवायच्या आधी हे बघा (अँबेसेडर, जीप, पद्मिनी)

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. इंजिन बांधून आणलं आणि आता तेल गळतंय, काय करू, हा प्रश्न इथं सारखा येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून एकाच धाग्यात सगळं आणूया. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) ग्राइंडिंग, लाइन बोअरिंगची (क्रँकच्या बेअरिंगांच्या जागा एका रेषेत कापायची) कामं रोज डोळ्यासमोर होतात आणि घरी अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल, त्यामुळं सुरुवात तिच्यापासूनच करतो.

कहाणी नेहमी एकच असते बघा. बोअर झाला, पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड, बेअरिंगं नवी, खिसा रिकामा, आणि गाडी घरी येऊन आठवडा होत नाही तोवर पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग. मिस्त्री म्हणतो सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) डुप्लिकेट लागलं, दुसरं टाकू. दुसरं टाकतात, डाग तिथंच. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा सीलचा काही दोष नसतो. ते ज्या शाफ्टवर घासतं तो शाफ्ट, ज्या भोकात बसतं ते भोक आणि इंजिनाच्या पोटातला दाब, या तिघांतल्या कुणीतरी घात केलेला असतो आणि बिचारं सील उगाच बदनाम होतं.

पण त्याच्याही आधी, तुमच्या इंजिनाला कुठल्या जागी कसलं सील आहे ते माहीत करून घ्या. अँबेसेडरच्या या जुन्या पेट्रोल इंजिनाला, म्हणजे बीएमसीच्या बी-सिरीजच्या तीन बेअरिंगवाल्या इंजिनाला, क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाहीये! तिथं क्रँकवरच उलटे आटे कोरलेत, क्रँक फिरला की बाहेर येऊ बघणारं तेल ते आटे परत आत ढकलतात, शाफ्टला काहीच घासत नाही. आणि तरी 'मागचं सील बदललं' असं लिहिलेलं बिल मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, गिऱ्हाइकानं पैसेही भरले होते.

या आट्यांचं काम नीट चालायचं तर आटे आणि त्याच्या बाहेरची गोल भिंत यांच्यातली फट सगळीकडून सारखी पाहिजे. मेन बेअरिंग (क्रँक ज्यात फिरतो ते) झिजलेलं असलं की क्रँक खाली बसतो, वरची फट वाढते आणि तेल तिथून वाट काढतं. मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपमधून (बेअरिंगला खालून धरणारा तुकडा) तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) जायची वाट आहे ती गाळानं किंवा सिलिकॉननं बुजलेली नको. कॅप बसवताना तिच्या मागच्या बाजूच्या आडव्या जोडाला सीलंटचा अगदी पातळ हात फिरवायचा, पातळ म्हणजे खरंच पातळ, बेअरिंगच्या बाजूला थेंब गेला नाही पाहिजे. आणि तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. बरेच जण 'थोडं जास्त बरं' म्हणून भरतात, मग चढावर नाक वर करून गाडी लावली की मागून थेंब पडणारच, कारण इंजिन बंद असताना ते आटे काहीच करत नसतात.

पुढची बाजू वेगळी. टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या पुढच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण) सील आहे, जुन्या कव्हरला नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं), नंतरच्याला रबरी ओठाचं, ओठ म्हणजे सीलची शाफ्टवर घासणारी कड. क्रँकच्या टोकाला पुलीच्या आत एक पातळ चकती असते, ऑइल थ्रोअर, ती सीलवर तेलाचा मारा होऊ देत नाही. नंतरच्या चकतीवर एफ अक्षर कोरलेलं असतं, ते बाहेर म्हणजे पुलीकडं दिसलं पाहिजे. जुन्या चकतीची खोलगट बाजू बाहेर. जुनं कव्हर जुन्या चकतीबरोबरच लावायचं, एकाचं कव्हर नि दुसऱ्याची चकती अशी सरमिसळ केली की गळती ठरलेलीच. भंगारातून कव्हर आणणाऱ्यांनी हे नक्की बघा.

आता सगळ्यात जास्त जिथं चुकतं ते. कव्हरचे स्क्रू ज्या भोकांतून जातात ती भोकं सैल असतात, कव्हर इकडं तिकडं सरकतं. लोक काय करतात, कव्हर ठेवतात, सगळे स्क्रू कचकचून आवळतात आणि मग पुली ठोकतात. सील मधोमध आलंच नसेल तर ओठाची एक बाजू दाबली जाते, दुसरी सैल राहते आणि सैल बाजूनं तेल. बरोबर पद्धत अशी की सीलच्या ओठात ग्रीस भरा, पुलीच्या हबला (मधली नळी, जिच्यावर सील घासतं) इंजिन ऑइल लावा, पुली हातानं गोल फिरवत फिरवत सीलमध्ये घाला, मग चावीची (पुलीला क्रँकवर नुसतं फिरू न देणारी छोटी पट्टी) खाच जुळवून पुली आणि कव्हर दोन्ही मिळून क्रँकवर सरकवा, स्क्रू नुसते लावा, पुलीनं कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि तेव्हा थोडे थोडे करत आळीपाळीनं आवळा. पाव इंची आणि पाच-सोळांश असे दोन मापांचे स्क्रू आहेत, पाव इंचीला जास्त जोर लावू नका.

जीप आणि पद्मिनीवाल्यांनी आपापलं लिहा.

काळीपिवळी

मस्त धागा दादा. माझी पद्मिनी आहे, १०८९ सीसी, वडिलांची. पुढून तेल येतं, पुलीच्या मागून, आणि फॅनच्या वाऱ्यानं सगळं इंजिन चिकट होतं. पुली काढली तर हबवर जिथं सील घासतं तिथं गोल चर पडलाय. नखानं लागतो. मिस्त्री म्हणतो पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करून देतो. करू का? कुर्ल्याला सीएसटी रोडला दुसरी पुली शोधली, मिळाल्या त्या सगळ्यांना तसाच चर.

उद्यमनगरकर

नख अडकतंय म्हणजे पॉलिश पेपरनं काही होणार नाही भावा. चराच्या कडा गुळगुळीत होतील, चर तिथंच राहील, आणि पेपर पुढं-मागं लांबीत ओढला तर बारीक रेघा पडतील त्यातून आणखी तेल येईल. पेपर मारायचाच तर फक्त गोल, शाफ्टच्या घेराच्या दिशेनं, एकाच जागी, बारीक नंबरचा, आणि तो फक्त गंज किंवा डाग काढायला.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी बघ. कव्हरमध्ये जागा असेल तर नवं सील मिलीमीटर-दीड मिलीमीटर कमी खोल किंवा जास्त खोल बसव, म्हणजे ओठ चर सोडून कोऱ्या जागेवर येईल. फक्त थ्रोअरला टेकत नाही ना आणि आत तेल परत जायचं भोक झाकत नाही ना एवढं बघ. जागा नसेल तर रिपेअर स्लीव्ह. स्टीलची पातळ नळी असते, भिंत साधारण ०.२८ मिमी, हबवर ठोकून बसते, एवढी पातळ की सील त्याच मापाचं चालतं. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह म्हणून मिळते, मोठ्या बेअरिंगच्या दुकानात मागवून देतात. हबचं माप मायक्रोमीटरनं तीन जागी घेऊन मगच ऑर्डर दे, आणि न झिजलेल्या जागी घे, चरात नको. चर खोल असेल तर आधी एपॉक्सी मेटल पुटी भरून, ती ओली असतानाच स्लीव्ह चढवायची. स्लीव्हबरोबर एक वाटी येते, तिच्यावरच ठोकायचं, स्लीव्हच्या कडेवर हातोडी लागली की संपलं.

लेथवाले काका

पोरांनो, पुलीचा हब लेथवर लावून एक हात घेऊन देतो म्हणणारा टर्नर भेटला तर थांबा जरा. मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलोय म्हणून सांगतो. लेथचं टूल शाफ्टवर पुढं सरकत कापतं त्यामुळं डोळ्यांना दिसो न दिसो, तिथं स्क्रूसारखी बारीक नागमोडी रेघ उरते. शाफ्ट फिरला की ती रेघ तेल एका बाजूला पंप करते, आत करते तर नशीब, बाहेर करते तर जगातलं कुठलंही सील ते अडवू शकत नाही. सील जिथं बसणार ती जागा शेवटी ग्राइंडिंगच पाहिजे आणि तेही चाक सरळ आत घालून, आडवं न फिरवता. फिनिश ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (सरासरी खरबरीतपणा) च्या मधे. जास्त खरबरीत झालं तर ओठ खाऊन टाकतं हे सगळ्यांना कळतं पण आरशासारखं अति गुळगुळीत पण नको, तेलाचा पातळ थर धरायला जागा उरत नाही, ओठ कोरडा चालतो आणि जळतो.

रेघ आहे का नाही ते घरी बघता येतं. शाफ्ट आडवा, एकदम लेव्हलमध्ये, लेथवर किंवा दोन सेंटरमध्ये धरायचा, पातळ तेलाचा हात द्यायचा, शिवणाचा दोरा त्याच्यावरून टाकून खाली बारीकसं वजन, एखादा नट बांधायचा आणि शाफ्ट सावकाश फिरवायचा, मिनिटाला साठेक फेरे. दोरा जागच्या जागी राहिला तर ठीक. एका बाजूला सरकायला लागला तर शाफ्ट उलटा फिरवून बघा. उलटा फिरवल्यावर दोरा पण उलटीकडं सरकला तर रेघ आहे, परत ग्राइंडिंगला द्या. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकला तर रेघ नाही, शाफ्टच लेव्हलमध्ये नाही किंवा त्याला उतार आहे.

काळीपिवळी

काका हे कधीच ऐकलं नव्हतं, दोऱ्याचं. स्लीव्हच मागवतो.

सातारीजीप

आता जीपचं. माझी महिंद्रा सीजे-३बी, हरिकेन इंजिन, एफ-हेड, १३४ क्यूबिक इंच म्हणजे २१९९ सीसी. या इंजिनाला मागं आट्यांवर भागत नाही, मागच्या मेनला सील आहे, जुन्याला दोरीचं आणि नंतर दोन तुकड्यांचं रबरी. आता किटमध्ये बहुतेक रबरीच येतं आणि शक्य असेल तर तेच लावा, पण ज्यांच्या हातात दोरीचंच आहे त्यांच्यासाठी लिहितो.

पहिलं म्हणजे जुनी दोरी काढताना कोरडी खरडू नका, हवेचा पाइप तर बिलकुल मारू नका. त्या काळच्या दोऱ्यांमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. तेलानं भिजवा, ओलीच उचला, पिशवीत भरून तोंड बांधा, मास्क लावा. फुफ्फुसाचा प्रश्न आहे, गंमत नाही.

नवी दोरी तेलात चांगली भिजू द्यायची. खाचेत नुसती बोटानं दाबून भागत नाही. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) जवळपास जाडीचा गोल गुळगुळीत बार घ्या, मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं तो रोल करत दाबत जा, थोडं ठोका, परत रोल करा, दोरी खाचेच्या तळाला घट्ट बसेपर्यंत. मग नव्या ब्लेडनं टोकं जोडाच्या लेव्हलला एका झटक्यात कापा. धागे लोंबत राहिले आणि कॅपच्या जोडात आले तर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगचं माप पण बिघडतं. कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा, जड फिरेल पण फिरला पाहिजे, अडकला तर दोरी जास्त वर राहिलीये.

आणि ही जी गोष्ट सांगतो ती नव्वद टक्के मिस्त्री विसरतात. मागच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना, ब्लॉक आणि कॅपच्या मधे, उभी भोकं आहेत. त्यात रबराच्या दोन छोट्या काड्या जातात, किटमध्ये असतात, लोक त्या 'कुठल्यातरी उरलेल्या' म्हणून टाकून देतात! त्या काड्या भोकात घालून खाली साधारण दोन सूत म्हणजे पाव इंच बाहेर राहू द्यायच्या. कापून लेव्हल करायच्या नाहीत. खालून चेंबर आवळलं की ते त्यांना दाबतं, रबर फुगतं आणि जोडाची वाट बंद होते. या काड्या नसतील तर सील कितीही भारी लावा, तेल सीलला वळसा घालून कडेनं येतं आणि सगळे म्हणतात मागचं सील गेलं.

उद्यमनगरकर

@सातारीजीप एक नंबर. एंड प्ले पण सांगा की.

सातारीजीप

हो तेच लिहायचं होतं. क्रँकचा पुढं-मागं खेळ हरिकेनला ४ ते ६ थाउ (इंचाचा हजारावा भाग) पाहिजे, पुढच्या थ्रस्ट वॉशरच्या मागं शिम असतात त्यानं जुळवतात. तो वाढलेला असेल तर क्लच दाबला की क्रँक पुढं सरकतो, सोडला की मागं, आणि सील एका जागी बसायच्या ऐवजी सारखं लांबीत घासतं. डायल गेज लावून बघा, नसेल तर शेजारच्या वर्कशॉपमधून मागून आणा पण बघा.

मीनल_नाशिक

मी माझ्या आजोबांच्या अँबेसेडरचं इंजिन घरीच उघडलंय, मामांच्या मदतीनं. प्रेस नाहीये आमच्याकडे. टायमिंग कव्हरमध्ये सील ठोकायचं कसं? आणि सील कुठल्या बाजूनं लावायचं यावर मामा आणि शेजारचे गॅरेजवाले यांचं एकमत होत नाहीये, एक म्हणतात अक्षरं बाहेर दिसली पाहिजेत, दुसरे म्हणतात स्प्रिंग बाहेर दिसली पाहिजे.

उद्यमनगरकर

मीनलताई, स्प्रिंग आत. ज्या बाजूला तेल आहे त्या बाजूला ओठाची स्प्रिंगवाली बाजू. तेलाचा दाब ओठाला शाफ्टवर आणखी दाबतो अशी ती रचना आहे, उलटं लावलं की तोच दाब ओठ उचलतो. अक्षरं बहुतेक वेळा बाहेर येतातच पण अक्षरं बघून ठरवू नका, स्प्रिंग बघून ठरवा. दोन ओठ असतील तर बिनस्प्रिंगचा छोटा ओठ धुळीसाठी, तो बाहेर. आणि ओठावर तिरक्या रेषा किंवा बाण असेल तर ते फिरायच्या दिशेप्रमाणं आहे, बाण क्रँकच्या दिशेशी जुळला पाहिजे.

ठोकायला प्रेस नको, पण जुनं सील काढतानाच पेचकस भोकाच्या भिंतीवर टेकवून उचकटू नका, ओरखडा पडला की नवं सील बाहेरच्या बाजूनं गळणार. सीलच्या कडेला लाकूड टेकवून उलट्या बाजूनं ठोकून काढा. मग भोक पेट्रोलनं पुसा, हात फिरवा, कुठं काठ उचललेला असेल तर बारीक कानसीनं मारा. कव्हर पत्र्याचं आहे, सपाट लाकडावर ठेवा आणि सीलच्या अगदी खालून आधार द्या, नाहीतर सील बसायच्या आधी कव्हरच वाकतं. सीलच्या बाहेरच्या घेरापेक्षा किंचित लहान तोंडाचा पाइपचा तुकडा किंवा मोठं सॉकेट घ्या, त्याचं तोंड सपाट पाहिजे. ते सीलच्या पत्र्याच्या कडेवर टेकलं पाहिजे, मधल्या रबरावर नको. जुनं सील उलटं वर ठेवून ठोकलं तरी चालतं. सुरुवातीला हलक्या हातानं चारी बाजूंनी, सील सरळ धरलं का ते बघत बघत. तिरकं जायला लागलं तर पुढं ठोकून सरळ करायला जाऊ नका, बाहेर काढा आणि परत सुरू करा. तिरकं बसलेलं सील शाफ्टवर लंबगोल घासतं.

ठोकायच्या आधी ओठाच्या मागं जिथं स्प्रिंग बसते त्या खळग्यात ग्रीस भरायचं विसरू नका. एक तर ठोकताना हादऱ्यानं स्प्रिंग उडत नाही, दुसरं पहिल्यांदा इंजिन सुरू होताना ओठ कोरडा चालत नाही. स्प्रिंग उडालेली कळत पण नाही, कव्हर लावून टाकलं की संपलं. बाहेरचा घेर नुसता पत्र्याचा असेल तर सीलंटचा बारीक थर, रबर चढवलेला असेल तर काही नको, थोडं साबणाचं पाणी चालेल.

आणि पुली घालताना तिच्या हबवर चावीची खाच आहे, तिच्या कडा धारदार असतात. बोटानं बघा, धार लागत असेल तर ऑइल स्टोननं मारून घ्या. सील क्रँकच्या थेट टोकावरून जाणार असेल अशा इंजिनात तर चावीच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळा, वर तेल लावा, सील सरकवा, मग टेप काढा. ओठाला केसाएवढी चीर गेली तरी ती कायमची गळती.

मीनल_नाशिक

स्प्रिंग आत हे मामांना दाखवलं :) धन्यवाद. अजून एक, दुकानदारानं जे सील दिलं त्यावर मिलीमीटरमध्ये माप आहे आणि आमचं कव्हर तर इंचात असणार ना?

लेथवाले काका

बरोबर विचारलंस बाळ. सीलवर तीन आकडे असतात, आधी शाफ्टचं माप, मग बाहेरचा व्यास, मग जाडी. शाफ्टच्या मापात एक दशांश इकडं तिकडं झालं तर ओठ सांभाळून घेतो, दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी, त्यावर ३८ चं सील चालतं. बाहेरच्या मापात मात्र तडजोड नाही. समजा भोक सव्वादोन इंच आहे, म्हणजे ५७.१५, आणि दुकानदारानं ५७ चं दिलं, तर ते हातानं सरकन जाईल आणि तो म्हणेल वा काय मस्त बसलं. ते बसलेलं नाही, ते पडलेलं आहे, इंजिन गरम झालं की शाफ्टबरोबर फिरेल. सील भोकात थोडा जोर लावूनच गेलं पाहिजे. भोक आणि सील दोन्ही व्हर्नियरनं मोजून घ्या. सीलंट फासून सैल सील टिकवायला जाऊ नका.

आणि जुन्या डब्यातलं 'ओरिजिनल माल' म्हणून चाळीस वर्षं पडलेलं सील कुणी दिलं तर ओठ बोटानं वाकवून बघा. रबर पडून पडून पण कडक होतं. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की डबा शोकेसमध्ये ठेवा आणि सील नवं घ्या.

काळीपिवळी

सीलचं रबर व्हिटॉन घ्यावं का नायट्राइल? दुकानात ब्राऊन रंगाचं दाखवून व्हिटॉन म्हणून जास्त पैसे सांगतात.

उद्यमनगरकर

रंगावर जाऊ नकोस, काळं व्हिटॉन पण असतं आणि ब्राऊन रंग कशालाही देता येतो. पाकिटावर एनबीआर (नायट्राइल) की एफकेएम (व्हिटॉन) लिहिलंय ते बघ. नायट्राइल साधारण १०० डिग्रीपर्यंत निवांत चालतं, व्हिटॉन २०० पर्यंत. पुढच्या टायमिंग कव्हरला तुझ्या गाडीत नायट्राइल पुरतं, त्या काळात तेच लागत होतं. मागच्या मेनला मात्र, जिथं सील बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तिथं मी व्हिटॉनच सांगेन, पैशातला फरक मजुरीपुढं काहीच नाही.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. माझ्याकडे १९५८ ची एमजीए (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, इंजिन तेच १४८९ सीसी बी-सिरीज, म्हणजे तुमच्या अँबेसेडरचं सख्खं भावंड, त्यामुळे हा धागा एकदम घरचा वाटला. इथं या तीन-बेअरिंग इंजिनांसाठी मागच्या आट्यांच्या जागी रबरी सील बसवायचं कन्व्हर्जन किट मिळतं. चांगलं चालतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, पण मी ते न लावता आधी लाइन बोअरिंगचा विषय तपासायला सांगेन. मेन कॅप घासून लाइन बोअर केलं की बेअरिंगची मधली रेषा किंचित वर ब्लॉकमध्ये सरकते, क्रँक पण वर जातो, पण आट्यांच्या भोवतीची भिंत आपल्या जुन्या जागी. म्हणजे फट एका बाजूला शून्याजवळ आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट. वरचे आटे ब्लॉकला घासल्याचे चमकदार डाग दिसतात. ज्यांच्याकडे लाइन बोअर केलेलं इंजिन मागून गळतंय त्यांनी बाकी काही करायच्या आधी फीलर गेजनं ही फट चारी बाजूंनी मोजावी.

उद्यमनगरकर

@लेस्टरकर हा मुद्दा लाखमोलाचा आहे. आमच्याकडं लाइन बोअरिंगला ब्लॉक येतो तेव्हा मागच्या आट्यांच्या भिंतीकडं फार कमी जण बघतात. काम द्यायच्या आधीच ऑपरेटरला सांगून ठेवा, तिथली फट पण बघून काप घे म्हणून.

गिरणगाव_६५

माझ्या अँबीचं इंजिन बांधून झालं, बाहेर कुठं थेंब नाही पण सकाळी सुरू केली की निळा धूर. हे पण सीलचंच का?

उद्यमनगरकर

सकाळी सुरू करताना थोडा वेळ निळा धूर आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्हकडून तेल उतरतंय. या इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटी रबरी रिंग असते, कॉलेटच्या (स्प्रिंगची वाटी दांड्यावर अडकवणारे तुकडे) खाली. ती बसवायची एक रीत आहे. आधी स्प्रिंग आणि वरची वाटी ठेवून स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबायची, मग रिंग दांड्यावरून सरकवून कॉलेटच्या खाचेच्या अगदी खाली आणायची, मग कॉलेट. बरेच जण रिंग आधीच घालून ठेवतात आणि वाटी वरून दाबताना रिंग कापली जाते. कोरडी पण घालायची नाही, थोडा वेळ स्वच्छ तेलात भिजवून ठेवा. रिंग नवी असून धूर येत असेल तर व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ते गाइड झिजलेत, ते हेडचं काम. आणि धूर सतत असेल, चढावर जास्त असेल, तर पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगांकडं बघा.

सातारीजीप

इंजिन उतरवायच्या आधी गळती नक्की कुठली ते शोधायला वेळ द्या अशी सगळ्यांना विनंती. बेल हाउसिंगच्या (इंजिनामागचं क्लचभोवतीचं आवरण) खालच्या भोकातून थेंब पडला म्हणजे मागचं सील असं नसतं. आधी थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही, तसा वास असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडून येतंय, इंजिनाचा संबंध नाही. इंजिन ऑइल असेल तर वर बघा. जीपला कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला एक पत्र्याची बुच आहे, ती गळली की तेल हुबेहूब मागच्या मेनसारखंच खाली येतं. व्हॉल्व्हचं साइड कव्हर, ऑइल प्रेशरचा पाइप, चेंबरचं गॅस्केट, सगळ्यांचं तेल गुरुत्वाकर्षणानं शेवटी त्याच भोकाशी येतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागं नेतो.

इंजिन डिग्रीझरनं धुऊन पूर्ण वाळवा, संशय आहे तिथं टाल्कम पावडर मारा, मग गाडी जागेवरच पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तीच जागा.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जायची वाट! हरिकेनला त्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह आहे, तो चिकटला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि दाब सगळ्यात कमजोर जागेतून तेल बाहेर फेकतो. आयडलवर तेल टाकायचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. हलकीशी आत ओढली गेली तर ठीक, फुगून वर आली तर आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या साफ करा. साफ करूनही फुगत असेल तर पिस्टन रिंगमधून गॅस खाली येतोय, मग कुठलंच सील टिकणार नाही.

उद्यमनगरकर

अँबेसेडरवाल्यांनी टॅपेट साइड कव्हरचा ब्रीदर पाइप आणि रॉकर कव्हरमधून एअर क्लीनरला जाणारी नळी बघा. साइड कव्हरच्या पाइपात घाण बसून तो अर्धा बुजलेला असतो, केरोसीनमध्ये ठेवून साफ करा. इंजिन बांधताना सगळं नवं घालतात आणि हा पाइप जसाच्या तसा परत लावतात, हे मला बघवत नाही.

मीनल_नाशिक

सील बसलं!! पाइपचा तुकडा वापरला, एकदा तिरकं जात होतं तर काढून परत घातलं. पुलीनं कव्हर मध्यावर आणायची पद्धत मामांना पण फार आवडली. शेजारच्या दुकानदारानं टेफ्लॉनचं सील आहे चांगलं म्हणून दाखवलं होतं ते घेतलं नाही, बरोबर केलं ना?

उद्यमनगरकर

बरोबर केलंत. पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, सील चांगलं असतं पण त्याचे नियम उलटे आहेत, ते शाफ्टवर पूर्ण कोरडं चढवायचं, तेल ग्रीस काही नाही, आणि बसवल्यावर काही तास शाफ्ट न फिरवता ठेवायचं म्हणजे ओठ शाफ्टला बसतो. शाफ्टपण एकदम निर्दोष लागतो. जुन्या पुलीवर त्याचा उपयोग नाही.

आता इंजिन सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टरनं फिरवून ऑइल प्रेशर येऊ द्या, मग प्लग लावून सुरू करा. पहिल्या तासाभरात सीलच्या कडेला थोडा ओलसरपणा दिसला तर घाबरू नका, ओठ बसतोय, पुसा आणि परत बघा. थेंब तयार होऊन पडायला लागला तर मात्र 'बसेल हळूहळू' म्हणून वाट बघू नका, तो बसत नसतो. फोटो टाका इथं, पुलीच्या मागचा, टॉर्च मारून.